मोटारघराच्या पत्र्यावरचा तळहात

ही गोष्ट घडलेली आहे.

मालन माझी थोरली जाऊ. तिचं आणि माझं एक दिवसही पटलं नाही. चुलीवरून, विहिरीवरून, लेकरांवरून आम्ही भांडलो, ते सगळ्या मालगुंडाने ऐकलंय. तेव्हा तिची बाजू घेऊन मी काही रचून सांगेन, असं कुणी मनात आणू नये. ज्याला खोटं वाटतं त्याने इथेच थांबावं. मी कुणाच्या विनवण्या करायला बसलेली नाही.

साल चोपन्न. पौष महिना.

मालगुंडच्या किनाऱ्याला सुरूची झाडं आहेत. त्या झाडांत आमचं मोटारघर होतं.

मोटारघर म्हणजे काय, ते आधी सांगते. यष्टी आली तशा माणसं नेणाऱ्या जुन्या सर्विस मोटारी भंगारात गेल्या. हातखंब्याला नासिरभाई म्हणून भंगारवाला होता. त्याच्याकडून मालनच्या नवऱ्याने, म्हणजे खंडूभावजींनी, अशाच एका मोटारीचा सांगाडा आणला. इंजिन नाही, चाकं नाहीत. दोन बैलजोड्या लावून तो किनाऱ्यापर्यंत ओढला आणि जांभ्याच्या चिऱ्यांवर बसवला. आतली बाकं काढली, दोन बाजा टाकल्या, दाराला आतून कडी लावली.

डोकं मालनचं. गणपतीपुळ्याला नवस फेडायला मुंबईची माणसं यायची. त्यांना समुद्र बघत राहायचं असायचं, आणि आमच्या घरात मासळीचा वास यायचा. मग त्यांना हे मोटारघर.

गाडीचे पैसे न्यायला नासिरभाई आमच्या दारात आला, तेव्हा म्हणाला होता, "भाभी, टपावरची दोन झडपं उघडी ठेवा हां. ही गाडी सगळी बंद केली की आत जीव घुसमटतो."

मालन म्हणाली, "भाई, तुमी भंगार इका. घर कसं चालवायचं ते आमी बघू."

अशी तिची जीभ. माझी तिच्यापेक्षा बरी होती, असं मी म्हणत नाही.

दिवाळीत पहिले पाहुणे आले. दादरचा कुणी वकील आणि त्याची बायको. जाताना ती बाई देवळाच्या पायरीवर, चार माणसांत, मोठ्याने बोलली, "मोटारीत कसली झोप! सगळ्या फटींतून वारा. उशीवर वाळू साचली होती."

मालनच्या कानावर ते आलं. त्या दिवशी ती जेवली नाही.

"माज्या दारातनं पावणा कुडकुडत गेला? खंडू खारव्याच्या घरातनं?"

दुसऱ्याच दिवशी तिने नवऱ्याच्या मागे लागून काम काढलं. आम्ही होडीवाली माणसं. आम्हाला फट बुजवायची एकच रीत ठाऊक. होडीच्या दोन फळ्यांमध्ये कापसाची वळलेली दोरी ठोकून बसवायची आणि वरून तेल-चुन्याचं लुकण थापायचं. ते वाळलं की दगड. समुद्र वरून गेला तरी थेंब आत येत नाही.

तसंच मोटारघराला केलं.

घरातल्या बायकांनी कापूस वळला. भावजींनी खिडक्यांच्या फळ्या, दाराच्या कडा, तळाच्या फटी ठोकून बंद केल्या. ड्रायव्हरच्या पायाखाली नारळाएवढं भोक होतं, जिथून मोटारीचे दांडे वर यायचे. त्यातूनच जास्त वारा यायचा. ते मालनने स्वतःच्या हाताने बुजवलं आणि वर चटई अंथरली. टपावरची झडपंही तिनेच बुजवली.

भावजी म्हणाले, "वरची झडपं ऱ्हाऊ देत गो."

"कशाला? मचव्याला कधी भोक ठेवता तुमी?"

भावजींनी दोरी तिच्या हातात दिली. होडीवाल्याला यावर दुसरं काय सुचणार?

पौषात पाटणकर म्हणून नवरा-बायको आले. गिरगावचे. लग्नाला नऊ वर्षं झालेली, मूल नव्हतं. बाईचं नाव विमल. अंगाने बारीक, बोलायला मऊ. गणपतीला नवस बोलायला आली होती.

तिन्हीसांजेला मालन त्यांना मोटारघर दाखवायला गेली. पाठोपाठ मी पाण्याची कळशी घेऊन.

विमलने आत पाऊल टाकलं आणि ती थांबली.

"मालनबाई, वारा कुठून येतो हो आत?"

मालन हसली. छाती फुगवून म्हणाली, "वारा? मुंगी शिरायची नाय, बाय. खारव्याच्या हातचं काम हाय."

विमल पुढे झाली. तिने भिंतीच्या पत्र्यावर तळहात ठेवला. थोडी सरकली, पुन्हा ठेवला. आंधळं माणूस चाचपतं ना, तशी.

थप... थप... थप...

"एखादी फट तरी असायला हवी होती," ती म्हणाली. अगदी हळू.

थंडी होती. मालनने शेगडी फुलवली. करवंटीचे कोळसे, लालबुंद, धुराचा लवलेश नाही. ती शेगडी तिने स्वतः उचलून मोटारघरात ठेवली.

"आत असू दे रातभर. करवंटीचा कोळसा हाय. धूर नाय, काय नाय. धूर नाय तर बाधा कसली?"

विमलने दार लावून घेतलं. कडी पडल्याचा आवाज आला.

तो आवाज मला अजून येतो.

सकाळी मालन चहा घेऊन गेली. हाक मारली. ओ नाही.

दुसरी हाक मारली...

सुरूच्या झाडांत रोज सकाळी कावळे कलकलाट करतात. त्या दिवशी एकही कावळा नव्हता.

भावजींनी कुऱ्हाडीने दाराची फळी फोडली.

नवरा बाजेवर होता. झोपलेला वाटत होता. गाल लाल, ओठ लाल, जत्रेतून नुकता आल्यासारखा.

विमल बाजेवर नव्हती.

ती सामानाच्या ट्रंकेवर चढली होती आणि तिथून खाली पडली होती. बरोबर झडपाखाली. तिचेही गाल लाल होते. बोटं मात्र...

बोटांची नखं तुटली होती. नखांत पांढरं लुकण होतं.

आणि पत्र्यावर दवासारखा ओलावा धरला होता, त्यात तळहात उमटले होते. एकापुढे एक. सगळ्या भिंतीभर, ड्रायव्हरच्या जागेपासून दारापर्यंत. अंधारात ती बाई फट शोधत फिरली होती. आमच्या घरापासून पन्नास पावलांवर. आणि आम्ही गाढ झोपलो होतो.

चटईखालचं भोक तिला कसं ठाऊक असणार?

भावजी खाली बसले. डोकं धरून म्हणाले, "मालन, हे आपल्या हातनं झालं."

मालनने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती विमलच्या बाजूला बसली. पदराचं टोक थुंकीने ओलं केलं. आणि त्या मेलेल्या बाईचं एकेक बोट हातात घेऊन तिची नखं पुसली.

दहाच्या दहा.

मी दारात होते. तिने मान वर केली.

"धाकटे, तू काय बघितलं नायस."

मी काही बघितलं नाही.

रत्नागिरीहून डॉक्टर आला, हवालदार आला. डॉक्टर म्हणाला, "हा कोळशाचा वायू. याला रंग नाही, वास नाही. धूर दिसत नाही म्हणून माणूस फसतो. बंद खोलीत झोपेतच जीव जातो. हवा यायला भोकं नव्हती का?"

"व्हती की," मालन म्हणाली. "त्यांनीच बुजवली असतील थंडीनं. शेगडीबी त्यांनीच आत घेतली. मी नको म्हटलं व्हतं."

हवालदार घाटावरचा. होडीचं काम त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. कापूस बघितला, लुकण बघितलं, आणि लिहून घेतलं की पाहुण्यांची चूक.

बाहेर अख्खी खारवीवाडी उभी होती. ते काम कुणाच्या हातचं, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

कुणी तोंड उघडलं नाही.

मोटारघर बंद पडलं. फुटलेली फळी भावजींनी नवी बसवली. मी म्हटलं, आता तरी बोळे काढा. त्यांनी मालनकडे बघितलं. मालन म्हणाली, "काढले तर वाडी म्हणेल, आता का काढले? जसं हाय तसं ऱ्हाऊ दे."

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सुरू झालं.

तिन्हीसांजेची वेळ. मालन तुळशीला दिवा लावत होती. समुद्र शांत होता. वारा पडलेला...

थप.

तिने मान वळवली.

थप... थप...

मोटारघराकडून. आतून. कुणीतरी तळहाताने पत्रा चाचपत होतं. ड्रायव्हरच्या जागेपासून सुरू व्हायचं, दारापर्यंत यायचं, थांबायचं. मग पुन्हा पहिल्यापासून.

"उंदीर," मालन म्हणाली.

रोज तिन्हीसांजेला उंदीर यायचे का? एका ओळीत, हातभर अंतराने पत्र्यावर थापा मारायचे का? पण तिला कोण विचारणार? मी एकदा विचारलं. तिने वाडगा फेकून मारला.

आणखी एक गोष्ट. ही कुणाला ठाऊक नाही.

मालन रोज सकाळी उठायची, तेव्हा तिच्या नखांत पांढरं लुकण असायचं.

ओलं. ताजं. जवसाच्या तेलाचा वास येणारं.

ती राखेने घासायची, काथ्याने घासायची, रक्त येईपर्यंत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. घरात लुकण नव्हतं. भावजींनी त्या सालापासून होडीच्या फटी बुजवायचं काम दुसऱ्याकडे दिलं होतं.

अशी दोन वर्षं गेली.

छप्पन साली फाल्गुनात तिची लेक कमळा बाळंतपणाला माहेरी आली. मालनला ही एकच लेक. सहा वर्षांनी दिवस राहिलेले. मुलगा झाला. गोरापान, ओरडायला मोठा. मालन त्याला पाहून पहिल्यांदा हसली, दोन वर्षांत पहिल्यांदा.

आणि तिसऱ्या दिवशी माझ्या मधल्या पोराला कांजिण्या आल्या. चौथ्या दिवशी धाकट्याला.

एक घर, एक माजघर. तीन दिवसांचं बाळ ठेवायचं कुठे?

मालन उंबऱ्यात उभी राहून बाहेर बघत होती. मला कळलं ती कुठे बघतेय.

"नाय," भावजी म्हणाले. "मालन, थय नाय."

"मग कुठं? तुमच्या मचव्यात?"

"निदान वरचं एक झडप खोलतो."

"आन् बाळंतिणीला वारा लागला तर? बाळाला वारा लागला तर?" मालनचा आवाज चढला. मग खाली आला. "आज तुमी झडप खोलायला चढलात, का वाडी बघत ऱ्हाईल. म्हणंल, बघा, आता लेकीची पाळी आली तेव्हा खोललं. तुमाला चालेल? मला नाय चालणार."



म्हणजे तिला माहीत होतं. सगळं माहीत होतं. तरी तिने कमळाला आणि बाळाला तिथे नेलं. दोन वर्षं जे खोटं जगाला सांगितलं, ते तिने स्वतःलाही सांगून टाकलं होतं. पाहुण्यांनी शेगडी रातभर ठेवली म्हणून झालं. आपण कुठे रातभर ठेवतोय? घटकाभर तर शेक.

त्या दिवशी तिन्हीसांजेला पत्र्यावर थाप आली नाही.

मालनला बरं वाटलं. मला नाही वाटलं.

पाचवी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी सुईण यमुनाबाई आली. बाळ-बाळंतिणीला न्हाऊमाखू घातलं. बाजेखाली शेगडी ठेवली, ओव्याची धुरी दिली, कमळाला पांघरूण घातलं, बाळ तिच्या कुशीत दिलं.

"घटकाभरानं शेगडी भायेर काढा हां," यमुनाबाई म्हणाली. "इसरू नका."

"मी काय तुज्यासारखी म्हातारी झालंय?" मालन म्हणाली. मग आत वाकून लेकीला सांगितलं, "आतनं कडी घाल. धाकटीची पोरं कांजिण्या घेऊन शिरतील. मी हाक मारीन तेव्हा उघड."

कडी पडली.

आठ-साडेआठ वाजले असतील. स्वच्छ ऊन. भुताखेताची वेळच नव्हे.

तेवढ्यात किनाऱ्यावरून ओरडा आला. मचवे लागले. त्या दिवशी सुरमई भरपूर पडली होती. मालन कोयती घेऊन धावली. तिच्याशिवाय आमच्या होडीच्या मासळीला कुणी हात लावायचा नाही, हा तिचा हट्ट. भाव ठरवायला रझिया आली होती, आमच्याकडून नेहमी मासळी घेणारी. दोघींची जुंपली.

"मालनबाय, ही काय सुरमई? चपटी लेप हाय लेप."

"तुजे डोळे दाखव आधी हकीमाला, मग मासळी घे."

सगळे हसत होते. ऊन वर चढत होतं.

घटका होऊन गेली...

वाळूवर एक जुनी होडी उपडी घातलेली होती. डांबर लावायला. मालन तिला टेकूनच उभी होती. बोलता बोलता ती थांबली.

थप.

पाठीमागून. होडीच्या आतून.

"कोण हाय गो आत?" तिने विचारलं.

"कुठं?" रझिया म्हणाली.

थप... थप... थप...

पाठीला लागूनच. फळीच्या पलीकडून कुणीतरी तळहाताने चाचपत पुढे सरकत होतं. घाईने. रोजच्यासारखं सावकाश नाही.

"ऐकतंस ना?" मालन म्हणाली. "ऐकतंस ना तू?"

रझियाला काही ऐकू येत नव्हतं. तिने ते मला नंतर कुराणावर हात ठेवून सांगितलं. पण मालनचा चेहरा तिने पाहिला होता. राखेसारखा.

थप... थप...

आणि थांबलं.

मधेच. हात उचलला आणि पुन्हा ठेवलाच नाही, तसं.

दोन वर्षांत ते असं मधेच कधी थांबलं नव्हतं.

मालन धावली.

सुरूच्या झाडांत शिरली तेव्हा तिच्या लक्षात आलं... कावळे नाहीत. एकही नाही. पान हलत नव्हतं.

"कमळे!"

ओ नाही.

"कमळे, कडी काढ गो! बाय माजी, कडी काढ!"

बाळाचा आवाज नाही. पाच दिवस ज्याने वाडी डोक्यावर घेतली होती, त्या पोराचा एक हुंकार नाही.

तिने दाराला धडका दिल्या. फळ्या सागाच्या, होडीसारख्या घट्ट बसलेल्या. बोट घालायला जागा नाही. मुंगी शिरायची नाही, असं तिनेच सांगितलं होतं.

मी घरातून धावत निघाले होते. आता जे सांगते ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

मालनने पत्र्यावर तळहात ठेवला. आत काही चाहूल लागतेय का, बघायला.

थप.

आतून, बरोबर तिच्या तळहाताच्या पलीकडून, उत्तर आलं.

थप.

"कमळे?"

ती हातभर पुढे सरकली. थप. आतून, बरोबर तिथेच... थप.

कमळा नव्हती ती. कमळाचा हात एवढा हळू नव्हता.

मालन रडायला लागली. मी तिला त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. रडत रडत ती पत्र्यावर हात ठेवत पुढे सरकत होती, आणि आतला हात तिच्या मागोमाग येत होता. दोन वर्षं तो हात शोधत होता. आज मालन त्याला दाखवत होती.

ड्रायव्हरच्या जागेपर्यंत ती आली. गुडघ्यांवर बसली. खालच्या पत्र्यावर हात ठेवला.

"हितं," ती म्हणाली. "हितं हाय गो बाय. चटईखाली. मीच बुजवलंय. माज्या हातानं बुजवलंय. शेगडीबी मीच आणून दिली तुला. माजं चुकलं. माज्या पोरीला सोड."

आत काहीच आवाज नाही.

ती पोटावर सरपटत चिऱ्यांमधून मोटारघराखाली शिरली. कोयतीने लुकण खरवडलं. चिरफळ्या उडाल्या. कापसाचं टोक दिसलं. तिने ते दोन्ही हातांनी धरून ओढलं.

आणि आतून कुणीतरी बोळा ढकलला.

ती मला शंभर वेळा म्हणाली आहे. "ओढला मी, पण सुटला तो माज्या जोरानं नव्हं."

तोवर भावजी कुऱ्हाड घेऊन आले. दुसऱ्यांदा त्याच दारावर कुऱ्हाड पडली.

कमळा बाजेवर होती. गाल लाल, ओठ लाल. आम्ही तिला ओढून वाळूवर आणली. तोंडावर पाणी मारलं, कुणी पाय चोळले, कुणी वारा घातला. किती वेळ गेला ठाऊक नाही. मग तिने श्वास ओढला, आणि ओकली.

"बाळ?" मालन ओरडली. "बाळ कुठं हाय?"

बाळ बाजेवर नव्हतं. कुशीत नव्हतं. पांघरुणात नव्हतं.

भावजी पुन्हा आत गेले.

ड्रायव्हरच्या जागी चटई बाजूला केलेली होती. नीट घडी घालून. आणि नुकत्याच उघडलेल्या त्या भोकाशी तोंड करून बाळ पालथं निजवलेलं होतं. बाजेपासून आठ पावलांवर. पाच दिवसांचं पोर.

भावजींनी त्याला उन्हात आणलं, आणि ते रडलं. असं रडलं की सुरूवरचे कावळे उडाले. कुठून आले होते, देव जाणे.

कमळा दुपारी नीट शुद्धीवर आली. तिचं पहिलं वाक्य मी ऐकलंय.

"आये, ती बाय कोण व्हती?"

"कुठली बाय?"

"बारीकशी. उशाशी बसलेली. म्हणाली, जरा देतेस का गो माज्याकडं. मी म्हटलं, घ्या."



बाळाची मूठ घट्ट मिटलेली होती. यमुनाबाईने ती हळूच उघडली. आत वळलेल्या कापसाचा तुकडा होता, तेलात भिजलेला.

त्या संध्याकाळी मालनने वाडीतल्या सगळ्यांना अंगणात बोलावलं. मोठ्या आवाजात, मान वर करून, तिने सगळं सांगितलं. झडपं, भोक, शेगडी. नखं पुसली तेही. मग ती रत्नागिरीला जाऊन पोलिसांकडे बोलली. तिथे साहेब बदललेला होता. कागद मिटलेले होते. तो म्हणाला, "बाई, आता काय करायचं त्याचं?" गिरगावात विमलच्या सासूच्या दारातही ती जाऊन आली. तिथे काय झालं, ते तिने कुणाला सांगितलं नाही. परतली तेव्हा तिच्या गालावर पाच बोटं होती.

पण वाडीसमोर बोलली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून तिची नखं स्वच्छ झाली. मरेपर्यंत स्वच्छ राहिली. मी तिला न्हाऊ घातलं ना शेवटचं, तेव्हा मी मुद्दाम बघितली.

मोटारघराचं सगळं लुकण भावजींनी काढलं. नंतर समुद्राने ते घर गंजवून खाल्लं. आज तिथे चार चिरे आहेत, बस.

एवढंच असतं तर मी हे लिहिलं नसतं.

मालन गेली, तिच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, तिन्हीसांजेला, मी माझ्या खोलीत वात वळत बसले होते. सिमेंटच्या भिंती. पत्रा कुठेच नाही.

थप.

मी वात खाली ठेवली.

थप... थप...

भिंतीच्या आतून. हातभर अंतराने. माझ्याकडे येत होतं.

मालनने सगळं सांगितलं होतं. भावजींचं सांगितलं, स्वतःचं सांगितलं. एक नाव तेवढं तिने गाळलं. आयुष्यभर माझ्याशी भांडली, पण तेवढं गाळलं.

मगाशी मी म्हटलं, घरातल्या बायकांनी कापूस वळला. घरात बायका दोनच होत्या. मालनला कापूस वळता यायचा नाही, तिची दोरी सैल पडायची. वाडीत सगळ्यात घट्ट दोरी वळायची ती मी. मला त्याचा फार अभिमान होता. नासिरभाईचं बोलणं मी उंबऱ्यात उभी राहून ऐकलं होतं. तरी मी दोन दिवस बसून दोरी वळली, आणि वर मालनला म्हटलं, "बघ, माजी दोरी हाय. जन्मात सुटायची नाय."

भिंतीतून थाप आली त्या दिवसापासून रोज सकाळी माझ्या नखांत ओलं लुकण असतं.

आता हे कागदावर आलं. सगळ्यांनी वाचलं. माझी खिडकी उघडी आहे, बाहेर थंडी आहे तरी.

उद्या सकाळी उठले की चूळ भरायच्या आधी मी माझे हात बघणार आहे.